वायरलेसला एकच सावकार नको

पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांसारख्या मोठ्या सेवेनं वायरलेस यंत्रणेचा पुरवठादार कसा निवडावा, यावर एका जाणकार गृहस्थांचा लेख वाचला आणि संताप आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाइलच्या जमान्यात वॉकीटॉकी हव्यातच कशाला? आणि हव्याच असतील तर जगातली सगळ्यात मोठी कंपनी गाठा, मनोरे, संच, नियंत्रण कक्ष, देखभाल सगळं तिच्या हवाली करा आणि निर्धास्त झोपा. दर काय, लघुतम निविदेनं ठरेलच. दाखला ब्रिटनचा. तिथे पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एकाच खासगी जाळ्यावर बोलतात म्हणे!

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री मुंबईत मोबाइल लावून बसलेल्या कुणालाही विचारा. लघुतम निविदेचंही तेच. संच स्वस्तात मिळतो, मग बॅटऱ्या, सुटे भाग आणि सॉफ्टवेअरचे परवाने वर्षानुवर्षं त्याच दुकानातून त्याच्याच भावानं घ्यावे लागतात.

ब्रिटनचा दाखला मात्र सोडता येत नाही, कारण तो अर्धाच सांगितला आहे.

तिथलं एअरवेव्ह हे जाळं २०००च्या करारातून उभं राहिलं. ते टेट्रा या खुल्या युरोपीय मानकावर चालतं. बटण दाबलं की क्षणात गटाशी बोलता येतं, मनोरा नसेल तिथे संच थेट संचाशी बोलतो. तांत्रिकदृष्ट्या उत्तम काम, यात वाद नाही. संचही एकाच कंपनीचे घ्यावे लागले नाहीत. केंब्रिजच्या सेपुरा कंपनीचे हजारो संच तिथल्या पोलिसांच्या खांद्यावर होते. पण मनोरे आणि जाळं सरकारचं नव्हतंच, ते एअरवेव्ह कंपनीचं. कंपनी हातोहात विकली गेली आणि २०१६मध्ये मोटोरोलाकडे आली.

पुढे जे झालं ते आमच्या गृहस्थांनी गाळलं आहे. एअरवेव्ह बंद करून सगळ्या सेवा ४जी मोबाइल जाळ्यावर नेण्याचं ब्रिटिश सरकारनं ठरवलं होतं. २०१५च्या डिसेंबरात त्याचे करार झाले, २०१९च्या अखेरीस जुनं जाळं बंद व्हायचं होतं. नव्या यंत्रणेतला एक मोठा करार कुणाला मिळाला? मोटोरोलालाच. म्हणजे नवं काम जितकं रखडेल तितकं जुन्याचं भाडं चालू राहणार, आणि दोन्ही टोकांना तीच कंपनी. नवी यंत्रणा रखडली, २०१९ सरलं, जुनं जाळं चालूच राहिलं. २०२२च्या अखेरीस मोटोरोला नव्या कामातून बाहेर पडली आणि जुन्याचं भाडं घेत राहिली. शेवटी एप्रिल २०२३मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणानं निकाल दिला की, खऱ्या स्पर्धेत जेवढे मिळाले असते त्यापेक्षा वर्षाला सुमारे वीस कोटी पौंड जास्त वसूल होत आहेत. दरांवर मर्यादा घातली. कंपनीनं अपील केलं, ते त्याच डिसेंबरात फेटाळलं गेलं.

हा सावकारीचा व्यवहार आहे. जमीन एकदा गहाण पडली की व्याजाचा दर ऋणको ठरवत नाही. पोलिसांना एका रात्रीत दुसऱ्या जाळ्यावर जाता येत नाही, हे पुरवठादाराला पक्कं ठाऊक असतं. असा दाखला ‘सगळं एकाच्या हवाली करा’ म्हणून पुढे करायला धारिष्ट्य लागतं!

‘मोठ्या नावावर विश्वास ठेवा’ हेही असंच. टेट्रा मानक खुलं, पण त्यातली सांकेतिक सूत्रं दशकानुदशकं गुप्त होती, आणि ती गुप्तता म्हणजेच सुरक्षितता असं आम्हाला ऐकवलं जाई. २०२३मध्ये डच संशोधकांनी ती उघडून दाखवली. टीईए१ या सूत्राची ८० बिटांची किल्ली आतल्या आत ३२ बिटांवर आणलेली निघाली. घरगुती संगणकावर ती काही मिनिटांत फुटते.

याच विचाराच्या मंडळींशी जुना वाद आठवतो. सगळे ॲनालॉग संच एका फटक्यात भंगारात काढा, हा त्यांचा तेव्हाचा धोशा. डीएमआर या डिजिटल मानकाचे संच जुन्या ॲनालॉगवरही बोलतात आणि त्याच साडेबारा किलोहर्ट्झच्या वाहिनीत डिजिटल झाले की दोन संभाषणं चालवतात, म्हणून टप्प्याटप्प्यानं बदल शक्य आहे, असं आम्ही सांगत होतो. तेव्हाही ऐकलं गेलं नाही.

मग करावं काय? निविदेत कंपनीचं नाव नको, मानकाचं हवं. किमान दोन कंपन्यांचे संच एकाच जाळ्यावर बोलताना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चाचणी परिषदेच्या सभागृहात नको. घाटात, तळघरात, बोगद्यात हवी. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १९८७च्या आगीत ३१ माणसं गेली, भुयारातल्या रेडिओचा प्रश्न तेव्हाच पुढे आला. तरी जुलै २००५च्या तिथल्या बॉम्बस्फोटांच्या वेळी रेल्वे पोलीस सोडले तर आपत्कालीन सेवांना भुयारात रेडिओवर बोलता येत नव्हतं. मनोरे सेवेच्या मालकीचे असावेत. ते जमत नसेल तर करार संपताना ते ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क आजच लिहून घ्यावा. नव्या यंत्रणेचं काम जुन्याचं भाडं खाणाऱ्याला देऊ नये.

आणि निविदापूर्व बैठकीत प्रत्येक पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की करार संपल्यावर मनोरे कुणाचे? उत्तर तोंडी घेऊ नये, इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.