आयत्या बिळावरचा नागोबा?

आमच्या दादाचं एक ठरलेलं वाक्य आहे. स्पेनच्या फुटबॉलचा विषय निघाला की तो हमखास म्हणणार, "देल बोस्के? आयत्या बिळावर नागोबा! ती टीम घेऊन कुणीही जिंकलं असतं." गेल्या रविवारी जेवताना पुन्हा तेच. आई मध्ये पडली म्हणून मी गप्प बसलो. इथे आई नाही, तेव्हा आता बोलतो.

आधी माणूस कोण ते सांगतो. विसेंते देल बोस्के, सालामांकाचा, जन्म १९५०. रेआल माद्रिदच्या मधल्या फळीत खेळला, पाच वेळा लीग आणि चार वेळा कोपा देल रे जिंकला. स्पेनकडून १८ सामने. १९८४ साली खेळणं थांबवलं आणि नंतर क्लबच्याच पोरासोरांना घडवायच्या कामाला लागला. मोठ्या टीमची अडलेली गाडी ओढायला त्याला दोनदा तात्पुरतं बोलावलं, पण जबाबदारी खऱ्या अर्थाने हातात आली ती नोव्हेंबर १९९९ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी! आयतं बीळ म्हणतात ते हेच का?

त्या मोसमात रेआल लीगमध्ये पाचवे आले आणि तरीही युरोपचा चषक जिंकले. अंतिम सामन्यात गोलमध्ये कोण उभा होता? चारच दिवसांपूर्वी १९ वर्षांचा झालेला कासियास. पुढे २००१ ला लीग, २००२ ला पुन्हा युरोप, २००३ ला पुन्हा लीग. फिगो, झिदान, रोनाल्डो, राऊल असे चार तालेवार एका घरात नांदवायचे, म्हणजे काय खायचं काम आहे? घरात दोन जावा असल्या तरी काय होतं ते आपण सगळे जाणतो.

आणि २००३ ची लीग जिंकल्यावर दुसऱ्याच दिवशी क्लबने त्याला नारळ दिला. अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांचा सूर असा, की हा माणूस आता थकलाय, पुढच्या काळासाठी योग्य नाही. त्याच उन्हाळ्यात माकेलेलेही चेल्सीला गेला. मग काय झालं? तीन वर्षांत पाच प्रशिक्षक बदलले! पुन्हा लीग मिळायला २००७ उजाडलं आणि युरोपचा चषक यायला २०१४. दादा, 'कुणीही' जिंकलं असतं ना? मग हे पाच जण कोण होते? तारे तर बरेचसे तेच होते की.

आता स्पेन. २००८ साली लुईस आरागोनेसने युरो जिंकलेली टीम त्याला मिळाली, हे खरंच आहे. पण २०१० च्या विश्वचषकात पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून १-० ने हरले. सगळे तुटून पडले, म्हणे बुस्केट्स आणि शाबी अलोन्सो दोघे एकदम कशाला हवेत, एकाला काढा. त्याने काढलं नाही. उलट, मी आज खेळाडू असतो तर मला बुस्केट्ससारखं व्हायला आवडलं असतं, अशा अर्थाचं बोलला. मात्र सूर हरवलेल्या टोरेसला त्याने उपांत्य सामन्यात बाहेर बसवलं आणि पेद्रोला घेतलं. अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध ११६व्या मिनिटाला इनिएस्ताने गोल केला, तो आपण सगळ्यांनी पाहिला. पण ती चाल सुरू केली नावासने आणि शेवटचा पास दिला फाब्रेगासने. दोघेही बदली खेळाडू. त्यांना मैदानात कुणी पाठवलं होतं? नागोबाने!

२०११ मध्ये रेआल आणि बार्सिलोना १८ दिवसांत चार वेळा भिडले. इतकी कटुता आली की स्पेनची टीम फुटते की काय अशी भीती होती. कासियासने पुढाकार घेऊन शावी आणि पुयोलला फोन केला, त्याचं श्रेय त्याचंच. पण वर्षभराने त्याच दोन क्लबांची मंडळी एकत्र खेळून युरोच्या अंतिम सामन्यात इटलीला ४-० हरवतात, तेव्हा त्यांच्यात बसलेल्या त्या मिशीवाल्या, आवाज न चढवणाऱ्या माणसाला शून्य मार्क द्यायचे? हा कुठला हिशोब?

आता दादाचा हुकमाचा एक्का, २०१४. हॉलंडकडून ५-१, चिलीकडून २-०, दोन सामन्यांत गाशा गुंडाळला. इथे मी वकिली करणार नाही. जुन्या खेळाडूंवर त्याने गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला, चूक त्याचीच. पण गंमत बघा, हीच माणसं २०१० ला म्हणत होती की तो काहीच करत नाही, सगळं खेळाडूच करतात. मग २०१४ ला सगळं त्याने कसं काय बिघडवलं? जिंकलं तर पोरांनी, हरलं तर म्हाताऱ्याने? एक काहीतरी ठरवा.

आपल्याला ओरडणारा, हातवारे करणारा, पत्रकारांशी भांडणारा माणूस दिसला की वाटतं, हा काम करतोय. शांतपणे चार लोकांना एकत्र ठेवणारा दिसला की वाटतं, याचं नशीब चांगलं. फुटबॉलमध्येच नाही, ऑफिसात आणि घरातही तेच. रविवारी आमचं भांडण ज्या बाईने दोन वाक्यांत मिटवलं, तिनेही आपल्या मते 'काहीच केलं नाही'.

असो. दादा, वाचतोयस ना? पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर बोलू.