भाषा ज्याची त्याची, तारीख पेढीची

१ एप्रिलला आर्थिक वर्ष पालटते, जुनी खाती बंद होऊन नवी उघडतात आणि पेढ्यापेढ्यांतून हिशेबाच्या संगणकीय प्रणालींची नव्याने मांडामांड सुरू होते. परंतु या लगबगीत भाषा, प्रदेश आणि दिनांकाची रीत या तीन पर्यायांकडे बहुधा कोणी पाहत नाही, आणि प्रणाली बसविणाऱ्याने जे ठेवले तेच पुढे शिरस्ता होऊन बसते. जमाखर्चाची जबाबदारी वाहणाऱ्या आपल्या व्यवसायबंधूंनी ही उपेक्षा सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

धारणीचे उदाहरण घ्यावे. मेळघाटातल्या या तालुक्याच्या गावी घरात कोरकू, बाजारपेठेत हिंदी, तहसील कचेरीत मराठी आणि कराच्या कागदांवर इंग्रजी, असा एकाच माणसाचा एका दिवसाचा व्यवहार चार भाषांतून होऊ शकतो. अशा पेढीवर मुनिमास हिंदी सोयीची वाटली आणि मालकास मराठी, तर दोघांनाही आपापली भाषा पडद्यावर मिळावी, यात गैर काहीच नाही. टॅली ईआरपी ९ ने ही मुभा केव्हाच दिली होती. आणि मजकूर युनिकोडमध्ये लिहिला असेल तर एकाच्या यंत्रावरचे नाव दुसऱ्याच्या यंत्रावर विद्रूप होत नाही.

दिनांकास मात्र ही मुभा देता येत नाही. विक्रीची यादी सीएसव्ही फाइलीतून एक्सेलमध्ये उघडली आणि विंडोजमधील प्रदेश अमेरिका असाच राहिला असेल, तर ०१-०७-२०१७ हा जीएसटीच्या आरंभाचा दिवस ७ जानेवारी होतो, म्हणजे तो कर अस्तित्वात येण्यापूर्वीचा. आणि ३ एप्रिलचे बिल ४ मार्चचे होऊन गतवर्षाच्या खतावणीत जाऊन पडते. २५ तारखेला हा धोका नाही, कारण पंचविसावा महिनाच नसल्याने एक्सेल तिला तारीख न मानता नुसता मजकूर समजते आणि चूक उघडी पडते. पण प्रत्येक महिन्यातील पहिल्या बारा तारखांपैकी, दिवस आणि महिना यांचा अंक एकच असलेली एक वगळता, अकरा तारखा, म्हणजे वर्षाच्या १३२ तारखा, कसलाही इशारा न देता बदलतात. बिनबोभाट होणारी ही चूकच अधिक घातक होय.

वऱ्हाडास अनेक कालगणनांचा सराव जुना आहे. निजामी अमलातील फसली, पंचांगातील शके आणि इंग्रजी अमलातील इसवी येथे नांदल्या. १९५७ साली राष्ट्रीय शकाची त्यांत भर पडली. तरीही जुन्या दप्तरात घोटाळा सहसा होत नसे, याचे कारण एवढेच की महिना अंकाने नव्हे, नावाने लिहिला जाई.

तोच विवेक आज पाळावा. विंडोजमध्ये प्रदेश भारत ठेवावा. त्याने दिवस आधी येतो आणि रकमेतील स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी पडतो. छापील बिलावर महिना अक्षरांत असावा. जीएसटीच्या ऑफलाइन साधनातही तो इंग्रजी अक्षरांत मागितला जातो. दोन प्रणालींत परस्पर माहिती पाठविताना, अन्य नमुना बंधनकारक नसेल तर, वर्ष-महिना-दिवस हा १९८८ च्या आयएसओ ८६०१ मानकाचा क्रम धरावा. देवनागरी अंक पत्रात शोभतात. पण आयात करावयाच्या फाइलीत ते घालू नयेत, कारण अनेक प्रणाली त्यांना संख्या मानीत नाहीत. सीएसव्ही फाइल थेट न उघडता आयात करून तारखेच्या स्तंभाचा क्रम स्वतः सांगावा.

पडद्यावरची भाषा प्रत्येकाने आपली निवडावी; तारखेची रीत पेढीने एकदाच ठरवून लेखी नोंदवावी, आणि ती बदलण्याचा अधिकार एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावा. या एप्रिलात पहिली खरी नोंद करण्यापूर्वी आपल्या अशिलाच्या यंत्रावर ३ तारखेची एक चाचणी नोंद अवश्य करून पाहावी. २५ तारखेची नव्हे.