चावल्यानंतरचा प्रतिबंध

मागच्या महिन्यात वडोदऱ्याच्या आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याने माझ्या दहा वर्षांच्या भाच्याच्या पोटरीचा चावा घेतला. रक्त आलं. आईने हळदीचा डबा काढला. बाबा म्हणाले, "ओळखीचं कुत्रं आहे. दहा दिवस बघू, काही झालंच तर इंजेक्शन घेऊ. पोटात चौदा सुया कशाला?" खरं सांगतो, मलाही ते पटत होतं. ताईने मात्र कुणाचं ऐकलं नाही. साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली जखम धुतली आणि आम्ही दवाखाना गाठला.

केसपेपरवर लिहिलं होतं, 'पोस्ट-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस'. प्रोफिलॅक्सिस म्हणजे रोगप्रतिबंध. मूळ शब्द ग्रीक: 'प्रो' म्हणजे आधी, 'फिलॅक्स' म्हणजे पहारेकरी. मी डॉक्टरांना विचारलं, "चावून झालं, आता प्रतिबंध कसला?"

त्या म्हणाल्या, "विषाणू शिरणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. 'आधी' म्हणजे चावण्याआधी नव्हे, रोगाआधी."

रेबीजचा विषाणू नसांमधून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात. तेवढ्या वेळात लस शरीराकडून प्रतिपिंडं तयार करून घेते. ती तयार होईपर्यंतची सोय म्हणून, रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांचं म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देतात. लक्षणं दिसू लागली की मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणजे बाबांचं 'काही झालंच तर' येईपर्यंत उपाय उरलेलाच नसतो.

लुई पाश्चरने 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या मुलाला लस द्यायला सुरुवात केली, तीही कुत्रा चावल्यानंतरच. जोसेफ नऊ वर्षांचा होता. तो वाचला.

पोटातल्या सुया आता इतिहासजमा झाल्या. भाच्याला दंडावर, कातडीत लस दिली. पहिला दिवस शून्य धरून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा, असे चार दिवस. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायलाही डॉक्टरांनी सांगितलं, पण लस त्याच दिवशी सुरू करून.

ते काम बाबांनी घेतलं. रोज सकाळी कुत्र्याला बघून यायचे आणि कालनिर्णयवर खूण करायचे. त्याच पानावर लशीच्या तारखांभोवती त्यांनी लाल गोल काढले होते. शेवटच्या डोसला भाच्याला स्कूटरवर तेच घेऊन गेले.

तुमच्याही घरी कुणी 'बघू' म्हणेल. मोठ्यांशी वाद घालत बसू नका. आधी नळ सोडा, साबण घ्या आणि लगेच दवाखान्यात जा.