बरा झाला, पण खेळायला कोणी नाही

मागच्या वर्षी जूनअखेर शाळा उघडली तेव्हा आमच्या सहावीत एक मुलगा नव्याने आला. डोक्याच्या मागे मानेपर्यंत टाक्यांची खूण, केस विरळ, चण चौथीतल्या मुलाची. फळ्यावरचं उतरवायला इतरांना पाच मिनिटं, तर याला पंधरा. दोनतीनदा मी बोलून गेले, "अरे, झोपलास की काय?" वर्ग खोखो हसला. त्या हसण्याची सुरुवात माझ्यामुळे झाली, हे अजून टोचतं.

आठ दिवसांनी त्याची आई भेटायला आली. म्हणाली, "बाई, पोरगा वाचला आमचा. पण खेळाले कोणी बोलवत नाई त्याले. बिमारी लागते म्हणते लोकं."

त्याला लहान मेंदूत गाठ झाली होती. अशी गाठ स्पर्शाने किंवा उष्ट्याने मुळीच लागत नाही, हे आधी शेजारणीपाजारणींना सांगा. शस्त्रक्रियेने गाठ काढतात, मग बऱ्याच मुलांना डोक्याला आणि पाठीच्या कण्याला किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात तो, द्यावा लागतो. जीव वाचतो, पण कोवळ्या मेंदूवर त्याचा परिणाम राहतो. विचारांचा वेग मंदावतो, पटकन आठवत नाही. उंची खुंटू शकते, काही औषधांनी ऐकूही कमी येतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून राग की थट्टा, हे यांतल्या काहींना चटकन उमगत नाही. विनोदावर सगळ्यांचं हसून झाल्यावर हा हसतो, आणि मुलं त्याला वेडा ठरवतात. मग तो बोलणंच सोडतो. आपण म्हणतो, किती शहाणं, शांत पोर!

घरची माया तरी कुठे कमी नडते? आई त्याच्या बुटाची नाडी बांधते, भात कालवून भरवते. धाकटी बहीण मात्र कोपऱ्यात रुसून बसलेली.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळा दवाखाना चालतो. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ मध्ये अशा बऱ्या झालेल्या तरुणांनी 'उगम' नावाचा गटही काढला. पण चामोर्शीहून एस.टी.ने नागपूर, तिथून रेल्वे. रोजंदारी बुडवून ही फेरी दरवेळी कशी जमायची? तरी तपासणी चुकवू नका. डॉक्टरांना गाठीबरोबरच अभ्यास, उंची, कान आणि मित्र यांबद्दलही विचारा. लिहिण्याची अडचण असल्याचं सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मिळालं, तर परीक्षेत तासामागे वीस मिनिटं जादा मिळू शकतात. शाळेकडे वेळेत चौकशी करा.

मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं, उतरवायचं निम्मं केलं. घोळक्यात तो गोंधळतो, म्हणून माझ्या मुलाला सांगितलं, रविवारी एकट्यालाच घरी बोलव. कॅरमला हात थरथरायचा, तेव्हा सापशिडी काढली. परवा नव्याण्णवच्या सापाने गिळलं, तसा फासा फेकून रडत निघून गेला. माझा मुलगा जाम चिडला होता. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तोच पट काखेत मारून त्याच्या घरी गेला.