मुसाफिर नव्हे, मुकीम

मे महिन्याची सुट्टी म्हणजे गाव, ही पिंपरी-चिंचवडची जुनी रीत. बीड, लातूर, सोलापूर, रत्नागिरी, जिथून कुटुंब आले तिकडे एसटीने जायचे आणि शाळा उघडायच्या आत परतायचे. आता काही घरांतून उन्हाळ्याचे तिकीट वेगळेच निघते. चाकणला २००९ मध्ये फोक्सवागन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिले, त्यांच्या आगेमागे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या आणि या पट्ट्यात शिकलेली आपली काही मुले-मुली नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी वोल्फ्सबुर्ग, स्टुटगार्टच्या बाजूला गेली. मग एक दिवस फोन येतो, "अम्मी, अब्बा, यंदा तीन महिने इकडेच या. फिरायला नाही, राहायला या."

राहायला जाणे आणि फिरायला जाणे यांत फार फरक आहे. आठ दिवसांची सहल कुणीही निभावून नेतो. तीन महिने मात्र पाहुण्यासारखे बसून निघत नाहीत. शरियतही हा फरक करते. हनफी मसलकात एका ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याची नियत केली की माणूस मुसाफिर राहत नाही, मुकीम होतो, आणि नमाज कसर न करता पूर्ण पढावी लागते. कोकणातल्या शाफई घरांत ही मुदत आणखी कमी, येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस. बारकावे आपल्या मौलानांना विचारावेत. मुकीम हा शब्द मात्र आम्हाला इथे फार उपयोगी वाटतो. तीन महिन्यांसाठी का होईना, तुम्ही त्या गावचे रहिवासी आहात.

सरकारी कायदा मात्र तुम्हाला पाहुणाच समजतो, आणि त्याचे दिवस मोजलेले आहेत. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. "तीन महिने" आणि "९० दिवस" एक नव्हेत, इथेच गल्लत होते. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही धरले जातात. २० एप्रिलला पोहोचलात तर ९० वा दिवस १८ जुलै, २० जुलै नव्हे. पूर्ण ९० दिवस वापरले, तर १७ ऑक्टोबरच्या आधी पुन्हा पाय ठेवता येत नाही. मधेच हॉलंडला भाचीकडे चार दिवस गेलात तर ते चारही याच हिशेबात, कारण शेंगेनचे २९ देश मिळून मोजणी एकच आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर पासपोर्टावरच्या शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद घेण्यास सुरुवात झाली आहे, त्यामुळे एक-दोन दिवसांची चूक कुणाच्या नजरेतून सुटेल या भरवशावर राहू नये. परतीचे तिकीट ८५ व्या दिवसाच्या आसपासचे काढावे. आजारपण, संप, रद्द झालेले विमान, कशालाही चार दिवस हाताशी राहतात.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि तो घेताना एकच गोष्ट निरखून वाचावी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे आधीपासूनचे दुखणे बहुतेक पॉलिसींत बसत नाही, किंवा फक्त जिवावर बेतले तरच बसते. साठीच्या पुढच्या माणसाचा खरा खर्च इथेच असतो. थोडे पैसे वाचवायला स्वस्त पॉलिसी घेणारा मुलगा पुढे रुग्णालयाचे बिल युरोत भरतो.

कागदपत्रे मुले करतातच. अम्मीचे काय होणार, याचा विचार मात्र कुणी करत नाही. इथे ती एकटी पिंपरीच्या मंडईत जाते, भाव करते, नाशिक फाट्यावरून रिक्षात बसून भोसरीला बहिणीकडे जाऊन येते. तिथे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी आठला मुलगा-सून कामावर जातात आणि संध्याकाळपर्यंत खिडकी. पाटी वाचता येत नाही, बोलायला कुणी नाही, जिन्यात भेटलेली शेजारीण काहीतरी म्हणते आणि ही नुसती हसते. तिसऱ्या आठवड्यात "मला परत पाठव" सुरू होते. मुलाला वाटते, अम्मीला करमत नाही. आम्हाला वाटते, तिचे पाय काढून घेतले गेले. अब्बांचेही तसेच, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

यावर उपाय अवघड नाही, पण तो पहिल्या आठवड्यात करावा लागतो. मुलाने किंवा सुनेने दोन दिवस रजा काढावी, किल्ला दाखवायला नव्हे, तर एकच रस्ता पाठ करून घ्यायला: घर, बसथांबा, तुर्की दुकान, मशीद, बाग आणि परत घर. दोनदा बरोबर चालावे, तिसऱ्यांदा मागून, चौथ्यांदा अम्मीला एकटे जाऊ द्यावे. घराची स्वतंत्र किल्ली, चालू फोन, पर्समध्ये जर्मन अक्षरांत पत्ता लिहिलेली चिठ्ठी. महिनाभर सगळ्या स्थानिक बस, ट्राम आणि साध्या रेल्वेत चालणारे डॉइचलांड-टिकेट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना आहे. महाग वाटते, पण ते हातात असले की तिकिटाच्या यंत्राशी झगडावे लागत नाही आणि चुकीच्या बसमध्ये बसले तरी पुढच्या थांब्यावर उतरून परतता येते. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहते, म्हणून परतायच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करायला सांगावे.

भाषा? वीस शब्द पुरतात, ते इथूनच पाठ करून जावे. जिन्यात कुणी दिसले की "गुटन टाग", दुकानातून निघताना "चुस", चूक झाली की "एंटशुल्डिगुंग". जर्मन माणूस पाहून हसला नाही तरी अभिवादनाला उत्तर देतो. न बोलता बाजूने निघून जाणे मात्र त्याला खटकते.

आणि तुर्की शेजार आहेच. ३० ऑक्टोबर १९६१ ला जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार-करार झाला. सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती, ती १९६४ मध्ये उठली. कारखान्यात राबायला आलेल्यांची नातवंडे आज तिथे दुकाने आणि मशिदी चालवतात. आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे एमआयडीसी आली, आणि आपल्यातल्या कित्येकांचे वडील-आजोबा असेच थोड्या दिवसांसाठी म्हणून एका खोलीत येऊन राहिले. ते इथले कसे झाले? रेशनच्या रांगेत, पाळीच्या बसमध्ये, जुम्याच्या सफेत. तिकडेही रस्ता तोच आहे. खुतबा तुर्की किंवा जर्मनमध्ये असेल, समजणार नाही, पण सलाम समजतो, आणि पुष्कळ मशिदींत नमाजेनंतर चहा मिळतो. स्त्रियांसाठी जागा आहे का, कोणत्या वेळी, हे मुलाने आधीच विचारून ठेवावे.

वेळेचे गणित मात्र डोके फिरवते. जूनमध्ये पुण्याकडे सव्वासातच्या सुमारास मगरिब होते, स्टुटगार्टला साडेनऊला. तिथे ऐन जूनमध्ये पूर्ण काळोख असा होतच नाही, म्हणून इशा आणि फजरच्या वेळा हिशेबाने ठरवतात आणि दोन मशिदींच्या तक्त्यांत फरक दिसतो. एक तक्ता निवडून तोच पाळावा. रात्र इतकी आखूड की दुपारी झोपल्याशिवाय निभत नाही. किब्ला इथे पश्चिमेला, तिथे आग्नेयेला, हे पहिल्या दिवशी हमखास विसरते. रात्री दहानंतर शांतता पाळण्याचा रिवाज कडक आहे, तेव्हा इशानंतर मिक्सर आणि मोठ्याने व्हिडिओ कॉल बंद. रविवारी दुकाने बंद, शनिवारीच दूध-पाव भरावा. प्लॅस्टिकची बाटली फेकू नये, दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात. नातवंडांना हे काम फार आवडते.

हलाल मांस तुर्की दुकानात मिळते. खरी खबरदारी बिस्किटे, गोळ्या, दही-मिठायांत घ्यावी लागते. डुकराच्या मांसाला, चरबीला आणि जिलेटिनला तिथे काय म्हणतात ते चार-पाच शब्द मुलीकडून जर्मन अक्षरांत लिहून घ्यावेत आणि पाकीट त्या चिठ्ठीशी ताडून पाहावे.

मुलाच्या घरमालकाला आधी कळवावे, तीन महिने म्हणजे नेहमीच्या पाहुणचारापेक्षा जास्त मुदत. औषधे तीन महिन्यांपुरती, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. जीव धोक्यात असेल तर ११२, आणि रात्री-अपरात्री ताप आला, पण इतके गंभीर नसेल तर ११६११७. हे दोन्ही आकडे फ्रिजवर लावावेत. इकडच्या घराचा मालमत्ता कर निघण्याआधीच भरून टाकावा.

बॅगेत काय न्यावे यावर घरोघरी भांडण होते, तर नियम सांगतो. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणजे घरचे तूप, खवा, पेढे, सुके मटण सगळे बाद. ताजी फळे प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, ड्युरियन आणि खजूर एवढ्यालाच. खजूर जाते, हापूस जात नाही. २०२६ ते २०२८ ही तिन्ही वर्षे बकरी ईदही मे महिन्यातच आहे. तेव्हा ज्यांना आंबा सोडवत नाही आणि कुर्बानी घरच्यांत करायची आहे, त्यांनी निघण्याची तारीख जूनमध्येच धरावी.