मुलगे बोलत नाहीत म्हणे!

"मुलगेच ते, मनातलं बोलायचे नाहीत." आपल्याकडे कुठल्याही लग्नकार्यात हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतंच. आणि ज्याच्याविषयी म्हणतात तो सोळा वर्षांचा पोरगा कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला असतो, म्हणजे पुरावाही हजर! आज मला या वाक्याशीच भांडायचं आहे. मामा-मावश्यांनो, राग मानू नका. (मानलात तरी चालेल.)

माझ्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आहे. नायोबी वे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत विकासाचं मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका. अमेरिकेतल्या शहरी शाळांमधल्या मुलांना त्यांनी काय विचारलं? तर, तुझ्या मित्राविषयी सांग. यातले बरेचसे मुलगे कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि कामगार घरांतले. म्हणजे ज्यांना सगळे 'टपोरी' समजतात असे. आणि एकदा विचारून त्या थांबल्या नाहीत. त्याच मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्यातून २०११ साली 'डीप सीक्रेट्स' हे पुस्तक आलं.

तेरा-चौदा-पंधरा वर्षांचे हे मुलगे मित्राविषयी भरभरून बोलत होते. गुपितं फक्त त्यालाच सांगतो, त्याच्यावर प्रेम आहे, तो नसेल तर मला वेड लागेल, अशा अर्थाचं. आणि सोळा ते एकोणीस या वयात? तेच मुलगे म्हणू लागले, वेळच मिळत नाही, कोणावर भरवसा ठेवायचा, काही फरक पडत नाही. जवळच्या मित्राविषयी विचारलं की आधी खुलासा, मी 'तसला' नाही हं! पण अनेकांच्या बोलण्यात जुन्या मित्राची आठवण आणि हळहळ होतीच. म्हणजे गरज संपलेली नव्हती, ती बोलून दाखवायची सोय संपली होती.

तुम्ही म्हणाल, हार्मोन्स हो, दुसरं काय! पण हा हिशेब जुळतच नाही. आवाज फुटायला लागतो तो बारा-तेरा-चौदाच्या सुमाराला, आणि नेमके तेव्हाच हे मुलगे सगळ्यात मोकळे होते. हार्मोन्समुळे मुलांच्या तोंडाला कुलूप लागत असतं तर ते तेव्हाच लागायला हवं होतं. कुलूप लागतं 'आता तू मोठा झालास, पुरुषासारखा वाग' हे चारही बाजूंनी ऐकू यायला लागल्यावर.

मान्य, हे मुलाखतींवरचं संशोधन आहे. त्यावरून जगातल्या प्रत्येक मुलाविषयी निकाल देता येत नाही. पण 'मुलगे जन्मतःच अबोल' हा दावा खोडायला ते पुरेसं आहे. जन्मतः अबोल असलेला प्राणी चौदाव्या वर्षी इतकं बोलेल कसा?

गंमत म्हणजे (गंमत कसली!) मानसशास्त्रानेही ही फाळणी बरीच वर्षं पोसली. कोलबर्गने नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या त्या मूळच्या ८४ मुलग्यांच्या अभ्यासावरून, आणि मग त्याच पट्टीने मुलींना मोजून त्या खालच्या पायरीवर आहेत असं दिसू लागलं. ही पट्टीच वाकडी आहे हे कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली ठणकावून सांगितलं. नायोबी वे त्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी त्याच नाण्याची दुसरी बाजू दाखवली. नातं जपणं, हळवं होणं, मन मोकळं करणं हे सगळं 'मुलींचं' ठरवलं की मुलींची किंमत कमी होते आणि मुलग्यांच्या वाट्याचं माणूसपण जातं.

आपल्याकडे हे दोन्ही अपमान एकाच शब्दात बसवलेत. 'बायल्या'. इंग्रजीत त्या पोरांना आधी अख्खा खुलासा करावा लागत होता, आपल्या पोरांना या एका शब्दाची भीती पुरते. रडला, बायल्या. मित्राच्या गळ्यात हात टाकून फार वेळ बसला, बायल्या. आणि हे कोण म्हणतं? आपणच, हसत हसत, जेवणाच्या पंगतीत. म्हणणाऱ्यांत बायकाही असतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

'एवढं काय मनावर घ्यायचं, चेष्टा ती!' असं म्हणण्याआधी एक आकडा ऐका. अमेरिकेत पंधरा ते एकोणीस या वयात आत्महत्येने जाणाऱ्या मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या सुमारे तिप्पट आहे. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष या अबोल्यावर टाकता येणार नाही. पण नेमक्या ज्या वयात धोका वाढतो त्याच वयात मुलाचा बोलायचा हक्काचा माणूस आपण काढून घेतो, हे काही चेष्टेवारी नेण्यासारखं नाही.

वे बाई नुसतं पुस्तक लिहून थांबल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये त्या मुलांना एकमेकांच्या, मोठ्या माणसांच्या मुलाखती घ्यायला शिकवतात. खरी उत्सुकता ठेवून प्रश्न विचारायचा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकायचं. आपल्याला तेवढंही करायचं नाही. घरातल्या पोराला "मार्क किती?" याऐवजी एकदा "तुझा तो मित्र हल्ली दिसत नाही, काय झालं?" एवढंच विचारायचं आहे. त्याने सांगितलं तर मध्ये बोलायचं नाही. डोळ्यांत पाणी आलं तर हसायचं नाही.

असो. पुढच्या लग्नात कोणी ते वाक्य म्हणालं तर मी गप्प बसणार नाहीये, आधीच सांगून ठेवते. :)