तो उगाच भुंकत नाही

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी कुत्रा पाळलेल्या मराठी घरांत रात्री अकरानंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं: "बाहेर काही नाहीये, उगाच भुंकतोय." माझ्या मते हे वाक्य बहुतेक वेळा दोन्हीकडून चुकतं. बाहेर काहीतरी असतं, आणि तो उगाच भुंकत नसतो. एवढं पटलं तर त्याच्या गळ्यात विजेचा झटका देणारी कॉलर बांधण्याआधी तुम्ही दहादा विचार कराल.

आधी नाक. आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख मानल्या जातात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, २० ते ३० कोटी. हुंगताना तो सेकंदाला पाचेक वेळा हवा आत ओढतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडतो, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. तासापूर्वी कुंपणाजवळून गेलेला रकून आपल्या लेखी निघून गेलेला असतो. त्याच्या लेखी त्याचा माग अजून ताजा असतो.

मग कान. आपली मर्यादा २० किलोहर्ट्झ, त्याची सुमारे ४५. उंदरांच्या आणि वटवाघळांच्या काही आवाजांना आपण पूर्ण बहिरे असतो, तो नसतो. रंगांच्या बाबतीत मात्र तो आपल्या मागे आहे: त्याला मुख्यतः निळा आणि पिवळा कळतो. पण अंधुक उजेडातली हालचाल तो आपल्याआधी टिपतो.

भुंकण्याचंही तसंच. प्रौढ लांडगे क्वचितच भुंकतात. कुत्रे माणसांत राहून बोलके झाले. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००५ साली लोकांना भुंकण्याची ध्वनिमुद्रणं ऐकवली. कधीही कुत्रा न पाळलेल्यांनाही ते भुंकणं अनोळखी माणसावरचं, खेळातलं की एकटेपणाचं, हे निव्वळ अंदाजापेक्षा बरंच चांगलं ओळखता आलं.

मग तो थांबत का नाही? कारण त्याच्या दृष्टीने उपाय लागू पडतो. हरीण आपल्या वाटेने पुढे जाणारच असतं, पण तो भुंकतो आणि ते जातं. रोज रात्री त्याला हाच धडा मिळतो.

झटक्याची कॉलर हा धडा पुसत नाही. मनातली भीती किंवा उत्तेजना तशीच राहते, बंद होतो तो फक्त इशारा. शिवाय त्या वेदनेचा संबंध तो कशाशी जोडेल, हे आपल्या हातात नसतं. त्या क्षणी कुंपणापाशी शेजारचं मूल उभं असेल, तर त्याच्याशीही जोडेल. वेल्सने अशा कॉलर २०१० सालीच बंद केल्या.

"मग शेजाऱ्यांनी झोपायचं कधी?" प्रश्न रास्त आहे. त्यात मी वन्यजीवांचीही बाजू घालेन. सिडनीजवळच्या जंगलवाटांवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पट्ट्याने धरलेला कुत्रा नुसता फिरवून नेल्यावरही तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी घटली. म्हणजे कुत्र्याला रात्री अंगणात एकटं सोडून देणं हा त्याचा हक्क नव्हे, आपला आळस आहे.

उपाय साधे आहेत. खिडकीच्या खालच्या भागाला धूसर फिल्म लावा. रात्रीच्या शेवटच्या फेरीला आधी दिवा लावा, मिनिटभर थांबा, मग पट्टा धरून बाहेर पडा; स्कंकला निघून जायला तेवढा वेळ मिळतो. तो भुंकला की ओरडू नका, त्याला तुम्हीही साथ देताय असं वाटू शकतं. खिडकीशी जा, बघा, नावाने हाक मारा आणि तो आला की खाऊ द्या. 'मालकाला कळलं, माझं काम झालं' हे तो काही आठवड्यांत शिकू शकतो.

रेबीजची लसही चुकवू नका. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा आठवतो. अमेरिकेत तो रोग मुख्यतः वटवाघळं, रकून, स्कंक आणि कोल्ह्यांत टिकून आहे; म्हणजे नेमका तुमच्या कुंपणापलीकडे.

आणि दिवसातून वीस मिनिटं, तुमची पावलं मोजणं बाजूला ठेवून, त्याला हवं तिथे हवं तेवढं हुंगू द्या. ज्याचं नाक दिवसा कामाला लागतं, त्याची रात्र शांत जाण्याची शक्यता जास्त. तुमचीही.